मागच्या गाडीच्या ब्रेकला वीज कुठून?

मोटरहोम आली, मागे ओढायला छोटी गाडी ठरली, टो बार बसला, आणि आता ब्रेकची पेटी, म्हणजे मागच्या गाडीचं ब्रेक पेडल दाबणारं यंत्र, कुठल्या कंपनीची घ्यावी असं तू विचारते आहेस. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वर वजन गेलं की ओढल्या जाणाऱ्या वाहनाला स्वतःचे ब्रेक लागतात. तेव्हा पेटी घ्यायलाच हवी, आणि बाजारात चांगल्या पेट्या आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. मागच्या गाडीचं इंजिन दिवसभर बंद असणार. मग पेटीला वीज कुठून मिळणार, आणि संध्याकाळी ती किती उरणार? कॅम्पग्राउंडवरच्या मुरलेल्या मंडळींकडून मी जे ऐकत आणि पाहत आलो, ते तुला सांगून ठेवतो.

आधी मोज, मग जोड. पेटीचा प्लग लाइटरच्या सॉकेटमध्ये जातो, म्हणून सॉकेट आहे म्हणजे वीज आहे असं धरू नकोस. काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतं. काहींत स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली एक घर पुढे ठेवावी लागते आणि बॅटरी उतरू नये म्हणून एखादा फ्यूज काढायला सांगतात. नेमका तोच फ्यूज सॉकेटचाही असू शकतो. तेव्हा घराच्या दारात गाडी अगदी ओढण्याच्या अवस्थेत ठेव: किल्ली तिथेच, गिअर तिथेच, फ्यूज काढलेला. मग सॉकेटमध्ये मल्टिमीटर लाव. अर्ध्या तासाने पुन्हा लाव, कारण काही नव्या गाड्या थोड्या वेळाने सॉकेट आपणहून बंद करतात.

पेटीसाठी वेगळं सॉकेट बसव. बॅटरीवरून थेट, १० किंवा १२ गेजच्या तांब्याच्या वायरने. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. पुढे कुठेही वायर घासून बॉडीला टेकली तर तोच आग टाळतो. फ्यूज किती अँपिअरचा ते पेटीच्या पुस्तिकेत असतं. तो उडाला म्हणून मोठा घालायचा नाही, का उडाला ते शोधायचं. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच हवंच. आणि अगं, निगेटिव्ह टोकावर छोटा सेन्सर दिसला तर अर्थची वायर त्या टोकावर बांधू नकोस, बॉडीच्या अर्थ-बोल्टवर बांध. नाहीतर किती वीज खर्च झाली याचा गाडीचा हिशेब चुकतो.

आता आपलाही हिशेब मांड. पेटी पेडल दाबते तेव्हा मागच्या गाडीचे ब्रेकलाइटही लागतात. जुन्या पद्धतीचा एक बल्ब दोन अँपिअरच्या आसपास खातो. दोन बाजूंचे आणि मधला मिळून सहज चार-पाच होतात. किल्ली पुढच्या घरात असेल तर डॅशबोर्डही थोडं खातो. सगळं मिळून दिवसभराची सरासरी जास्तीत जास्त पाच अँपिअर धरली, तर सहा तासांत ३० अँपिअर-तास गेले. मध्यम गाडीची बॅटरी असते ५० च्या आसपास. पूर्ण भरलेली, विसावलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. १२.२ च्या खाली वारंवार नेलीस तर बॅटरी लवकर म्हातारी होते. एलईडी बल्ब बसवलेस तर या हिशेबातला मोठा आकडा एकदम लहान होतो.

तरीही रोज लांब पल्ला असेल तर मोटरहोमकडून मागे चार्ज लाइन ओढ. मोटरहोमच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये एक पिन बॅटरी चार्जिंगची असते. ती खरंच जोडलेली आहे का ते मीटरने बघ, पिन असली म्हणजे वायर असतेच असं नाही. आणि मोटरहोमचं इंजिन बंद केल्यावर ती मरते का तेही बघ. मरत नसेल तर मुक्कामावर पुढची गाडी मागचीला रिकामी करेल. यावर उपाय म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ द्यायची: डायोड घाल किंवा या कामासाठीच मिळणारा छोटा चार्जर. डायोड स्वस्त आहे, पण अर्धा-पाऊण व्होल्ट स्वतःच खातो. चार्जर महाग, पण बॅटरी पूर्ण भरतो.

वायरच्या जाडीत काटकसर नको. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरहोमचं इंजिन बहुधा पुढे असतं, म्हणजे पुढच्या बॅटरीपासून मागच्या गाडीच्या बॅटरीपर्यंत १५ मीटर सहज होतात. त्या लांबीवर १४ गेजच्या वायरमधून १० अँपिअर गेले की नुसत्या जाण्याच्या वाटेवर सव्वा व्होल्ट गळतो. परतीची वाट वेगळीच. अल्टरनेटर १४ देत असेल तर मागे पोचतात जेमतेम पावणेतेरा, आणि त्यात बॅटरी भरत नाही. १० गेजमध्ये हीच गळती अर्धा व्होल्ट. शेतात लांबच्या पाइपाने पाणी नेताना शेवटच्या वाफ्याला धार बारीक का होते, तेच इथे. आणि या लाइनला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांतून जाणार असशील तर प्लगच्या पिना हिरव्या पडतात. महिन्याला एकदा उघडून पूस आणि डायलेक्ट्रिक ग्रीस लाव.

आता विजेची नसलेली पण तिच्याशी बांधलेली गोष्ट. इंजिन बंद असताना ब्रेकच्या बूस्टरमधला व्हॅक्यूम चार-सहा दाबांत संपतो आणि पेडल कडक होतं. बहुतेक पेट्या त्या कडक पेडलवर बेतलेल्या असतात. म्हणून पेटी बसवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. वाटेत बॅटरी भरावी म्हणून, किंवा काही ऑटोमॅटिक गाड्यांना ठरावीक तासांनी लागतं म्हणून, मागचं इंजिन चालवलंस, तर व्हॅक्यूम परत तयार झालेला असतो. तसंच निघालीस तर पेटी पहिल्याच दाबाला चाकं अडवेल. इंजिन बंद कर, पेडल पुन्हा दाब, मग निघ. हायब्रिड गाडी असेल तर बूस्टर विजेचा असू शकतो. अशा गाडीसाठी पेटीत वेगळं सेटिंग आहे का ते घेण्यापूर्वीच विचार.

उतारावर सगळा भार ब्रेकवर टाकू नकोस. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा आपल्याकडच्या ड्रायव्हरांचा नियम कोलोरॅडोत आय-७० वर, आयझेनहॉवर बोगद्याबाहेरच्या लांब उतारावरही तितकाच खरा आहे. गिअरने वेग धरला तर मागचे ब्रेक तापत नाहीत आणि ब्रेकलाइट सतत वीज पीत नाहीत.

डिझेल मोटरहोमला हवेचे ब्रेक असतील तर तिच्याच हवेवर चालणारी यंत्रणा मिळते, डेम्कोची एअर फोर्स वन त्यातलीच. त्यात पेडलसाठी विजेची ओढाताण कमी, पण मागचे दिवे विजेवरच.

शेवटी, ज्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप, तो क्षण. टो बार तुटला तर ब्रेक-अवेची पिन ओढली जाते आणि पेटी पेडल दाबून धरते. पण त्याच क्षणी चार्ज लाइनचा प्लगही निघालेला असतो. पुढची वीज संपली. पेटीत स्वतःची राखीव वीज नसेल तर उरते फक्त मागच्या गाडीची बॅटरी, आणि ती दिवसभर उतरत आलेली असेल तर पेडल दाबलं जाईलच याची खात्री नाही. टो बारच तुटू शकतो, म्हणून पिनची दोरी टो बारला नाही, मोटरहोमच्या चॅसिसला बांध. वळणावर ताणली जाणार नाही इतकी ढिली. निघण्यापूर्वी उभ्या गाडीत पिन ओढून पेडल खाली जातं का बघ, मग पिन परत बसव. मुक्कामावर प्लग काढण्यापूर्वी पेटीच्या सॉकेटवर व्होल्ट मोज आणि वहीत लिही. आठवड्याभरात आकडा घसरताना दिसला तर वाटेत अडकण्याआधीच कारण सापडेल.

आणि बजेट तोकडं पडलं तर पेटी तपासून घेतलेली जुनी चालेल. वायर, फ्यूज आणि बॅटरी मात्र नवीच घे.