धर्मग्रामाचे संकेतस्थळ

समजा तुम्ही वसईचे आहात आणि तुमच्या धर्मग्रामाचे संकेतस्थळ उभारण्याचे काम तुमच्यावर आले आहे. सुरुवात कोठून कराल? बहुतेकजण म्हणतील, चर्चच्या छायाचित्रांपासून. परंतु सुरुवात नावापासून करावी लागते, आणि पुढच्या पुष्कळशा अडचणीही नावातूनच उद्भवतात.

इंटरनेटवरील संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. जुन्या पद्धतीत या आकड्याचे चार भाग असून प्रत्येक भाग 0 ते 255 यांपैकी असतो. म्हणजे 2 चा 32 वा घात, सुमारे 429 कोटी पत्ते झाले. असे आकडे माणसाच्या लक्षात राहणे कठीण. म्हणून 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा आखली. ती नाव शेवटाकडून वाचू लागते. टपाल खाते पत्त्यातील राज्य व जिल्हा आधी पाहते, मग गाव, मग आळी, तसेच हे. शेवटी 'डॉट इन' असेल तर चौकशी भारताच्या नोंदवहीत होते, 'डॉट व्हीए' असेल तर व्हॅटिकनच्या. (व्हॅटिकनचे संकेतस्थळ 1995 च्या नाताळात सुरू झाले. त्याच्या संगणकांना रफाएल, मायकल व गाब्रिएल या देवदूतांची नावे दिली होती!)

आता महत्त्वाची गोष्ट. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते 1 ते 10 वर्षांसाठी आपल्या नावे नोंदवले जाते व मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. एखादा हौशी तरुण स्वतःच्या ईमेलवर नाव नोंदवतो, पुढे नोकरीसाठी आखातात जातो, धर्मगुरूंचीही बदली होते. मुदत संपल्याची सूचना येते ती त्या तरुणाच्या जुन्या ईमेलवर, आणि तेथे ती कोणी वाचत नाही! सवलतीचे काही आठवडे गेले, की ते नाव कोणालाही घेता येते. मग चर्चच्या नावाखाली जुगाराची जाहिरातसुद्धा झळकू शकते. म्हणून नोंदणी धर्मग्रामाच्या कार्यालयाच्या ईमेलवरच करावी आणि मुदतीची तारीख मिस्सांच्या वहीत लिहून ठेवावी.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. चर्चचा इतिहास एकदा लिहिला की झाले. पवित्र सप्ताहाचे तसे नाही. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कोणत्याही रविवारी येतो. 2025 मध्ये तो 20 एप्रिलला होता, तर 2026 साठी तारीख 5 एप्रिल. मागील वर्षाचे पान तसेच राहिले, तर दूरच्या पाड्यावरून रिक्षा करून आलेल्या आजीबाईंना बंद दार दिसेल. चुकीच्या माहितीपेक्षा कोरे पान बरे, असे माझे मत आहे. निदान प्रत्येक वेळापत्रकाखाली ते कोणत्या दिवशी लिहिले ती तारीख तरी असावी.

मजकूर मराठीत द्यायचा तर युनिकोड वापरा. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक 2325 आहे, आणि तो सर्व संगणकांवर 'क' च राहतो. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर प्रार्थनेऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची पाने मात्र संकेतस्थळावर टाकू नयेत. त्यांत जन्मतारखा आणि आईवडिलांची नावे असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची छायाचित्रे द्यायची तर आधी पालकांची संमती घ्यावी.

आता एक गणित. सणाची 30 छायाचित्रे प्रत्येकी 4 मेगाबाइटची आहेत. मोबाइलवर सेकंदाला 1 मेगाबाइट उतरत असेल, तर पान पूर्ण दिसण्यास 2 मिनिटे लागतील. हीच छायाचित्रे लहान करून प्रत्येकी 0.2 मेगाबाइटची केली तर किती सेकंद लागतील? उत्तर काढा, आणि मग आपल्या शाळेचे संकेतस्थळ उघडून किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा.