ठिपक्याला आधी नाव दे

प्रिय चिऊ,



रविवारी तू फोनवर तुझी अर्जांच्या वाटेची आकृती दाखवलीस तेव्हा माझ्या हाताला कणीक लागलेली होती, म्हणून ‘छान झालंय’ एवढंच म्हणून फोन ठेवला. ते मनापासूनच म्हटलं होतं. नोड, म्हणजे आकृतीतली एकेक चौकट, ओढला की त्याच्या मागोमाग रेषा वळते, हे पहिल्यांदा आपल्या हातून घडतं तेव्हा काय वाटतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तुझा प्रश्न पुन्हा आठवला. प्रत्येक नोडला चार बाजूंना रेषा जोडायचे चार ठिपके लावून झालेत, आता निर्णयाच्या नोडला पाचवा हवाय, तो कुठे बसवू? कुठे बसवायचा ते सांगतेच. पण त्याआधी त्या ठिपक्याचं नाव काय, ते तू ठरवायला हवंस.

तुझे आबा भोसरीला पॅनेलचं वायरिंग करायचे. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मी जायचे आणि तिथेच रेंगाळायचे. पत्र्याचं उघडं कपाट, आत ओळीने कॉन्टॅक्टर, त्यांच्या खाली ओव्हरलोड रिले, तळाशी टर्मिनलची पट्टी. आबा वायर मापाने कापायचे, टोक सोलायचे, आणि लग दाबायच्या आधी न चुकता वायरवर फेरूल ओवायचे. फेरूल म्हणजे आकडा छापलेली बोटाच्या पेराहून लहान पिवळी नळी. वायरच्या दोन्ही टोकांना तोच आकडा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची दोन टोकं म्हणजे ए१ आणि ए२. ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ हा एरवी जोडलेला असतो आणि रिले ट्रिप झाला की सुटतो, ९७-९८ त्याच्या उलट. माल कुठल्याही कंपनीचा असो, आकडे हेच. एकदा जळालेला कॉन्टॅक्टर बदलायचा होता आणि नव्याचं ए२ जुन्यापेक्षा दुसऱ्याच बाजूला निघालं. आबांनी ड्रॉइंगला हातही लावला नाही. वायर थोडी लांब घेतली, वळवली आणि ए२ला जोडली. ड्रॉइंगवर ‘ए२’ लिहिलेलं होतं, ‘खालून डावीकडचा स्क्रू’ असं लिहिलेलं नव्हतं.

आबांच्या पॅनेलमध्ये टर्मिनल, तसा तुझ्या रिॲक्ट फ्लो लायब्ररीत ठिपका, म्हणजे हँडल. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: प्रकार, म्हणजे रेषा इथून निघणार की इथे येऊन पोचणार (सोर्स किंवा टार्गेट), मग बाजू, आणि आयडी. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात म्हणून आपला सगळा जीव त्यांच्यात जातो. आयडी दिसत नाही, आणि नोडला त्या प्रकारचा एकच ठिपका असेल तर तो दिला नाही तरी चालतं. हात बिघडतो तो इथेच. सोर्सचे दोन ठिपके झाले आणि रेषेच्या नोंदीत सोर्स-हँडल कोरं राहिलं, तर लायब्ररी सरळ पहिला ठिपका धरते. तुझी ‘नामंजूर’ची रेषा ‘मंजूर’मधून निघालेली दिसेल आणि कन्सोलवर अक्षरही उमटणार नाही.

माझ्या हातून झालेली चूक तुला सांगते, कारण तू आत्ता नेमकी त्याच वळणावर आहेस. एका कामात निर्णयाच्या नोडला किती वाटा फुटाव्यात हे वापरणाऱ्यानेच ठरवायचं होतं. मी पर्यायांच्या यादीवर मॅप फिरवून ठिपके काढले आणि आयडी म्हणून यादीतला क्रमांक दिला: ०, १, २. मंजूर, दुरुस्तीसाठी परत, नामंजूर. सगळं सुरळीत चाललं. मग काही महिन्यांनी तिथल्या कुणीतरी मधला पर्याय काढून टाकला. यादी सरकली आणि ‘नामंजूर’चा क्रमांक १ झाला. जतन केलेल्या रेषांना यातलं काहीच माहीत नव्हतं. १ मधून निघणारी जुनी रेषा, जी अर्ज दुरुस्तीसाठी अर्जदाराकडे पाठवायची, ती आता ‘नामंजूर’ला चिकटली. २ ची रेषा ठिपका सापडेना म्हणून पडद्यावरून नाहीशी झाली. आकृती बघणाऱ्याला सगळं नीटनेटकं दिसत होतं. प्रत्यक्षात नामंजूर झालेले अर्ज दुरुस्तीच्या शेऱ्यासह लोकांकडे परत जात होते. लोक आणखी कागद जोडून ते पुन्हा भरत होते. एका बाईंनी तोच अर्ज तीनदा भरला होता. त्यांच्या त्या तीन फेऱ्या मला आजही टोचतात.

म्हणून आयडी हा पर्याय जन्माला येतो त्याच क्षणी तयार व्हायला हवा आणि पर्यायाच्या नोंदीतच साठवायला हवा. ब्राउझरमधलं रँडम-यूयूआयडी त्यासाठी पुरेसं आहे. ‘नामंजूर’ हा दिसणारा शब्दसुद्धा आयडी म्हणून वापरू नकोस. उद्या कुणी तो ‘फेटाळला’ करेल आणि जुन्या सगळ्या रेषा निराधार होतील. आणि पर्याय काढून टाकायचा असेल तर त्याला जोडलेल्या रेषाही त्याच वेळी, वापरणाऱ्याला दाखवून, विचारून काढ. मागे लोंबकळणारी वायर आबा कधी ठेवत नसत.

आता जागेचं. माझं ऐकशील तर ते चार ठिपके काढूनच टाक. चारही बाजू सारख्या दिसतात म्हणून ठिपके लावले की रेषा कुठूनही निघते, कुठेही शिरते, आणि महिन्याभराने तुझी तुलाच आकृती वाचता येत नाही. अर्ज डावीकडून येऊ दे, तिथे एक ठिपका. उजवीकडे निर्णयाचे जितके पर्याय तितके ठिपके, प्रत्येकासमोर त्याचं नाव लिहिलेलं. एका बाजूचे सगळे ठिपके मुळात पन्नास टक्क्यांवर एकमेकांच्या डोक्यावर बसतात, तेव्हा प्रत्येकाला वरून किती अंतरावर बसायचं ते स्टाइलमध्ये टक्क्यांत सांग. त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक पर्यायाची ओळ रिलेटिव्ह कर आणि तिचा ठिपका तिच्यातच ठेव. मग ओळ वाढली, सरकली तरी ठिपका तिच्यासोबत जातो.

पर्याय मागाहून वाढवलास की नव्या ठिपक्याची रेषा भलतीकडूनच निघतेय किंवा निघतच नाही, असं होईल. घाबरू नकोस. लायब्ररी ठिपक्यांची मोजमापं घेऊन ठेवते आणि रेषा त्या मापांवरून काढते. ठिपका नवीन आला किंवा सरकला की ‘पुन्हा मोज’ असं तिला सांगावं लागतं. त्यासाठी यूज-अपडेट-नोड-इंटर्नल्स नावाचा हुक आहे, त्यातून मिळालेल्या फंक्शनला नोडचा आयडी द्यायचा. याच कारणाने ठिपके लपवायला डिस्प्ले नन वापरू नकोस. जे पानावर जागाच घेत नाही त्याचं माप घेता येत नाही, आणि रेषा हरवतात. ओपॅसिटी शून्य कर, किंवा व्हिजिबिलिटी हिडन.

माउस नेला की तुझा ठिपका फुगतो आणि टुणकन बाजूला उडतो, ते मी फोनवर पाहिलं. ठिपका नोडच्या कडेवर बरोबर मध्यावर बसावा म्हणून लायब्ररी ट्रान्सफॉर्मनेच त्याला अर्धा मागे ओढते. तू हॉवरला ट्रान्सफॉर्ममध्ये फक्त स्केल लिहिलंस, त्यामुळे ते ओढणं पुसलं गेलं. मूळचं ट्रान्सलेट तसंच ठेवून त्याच्यापुढे स्केल लिही, किंवा ट्रान्सफॉर्मला हात न लावता सावलीचं कडं मोठं कर. मी दुसरं करते.

आणि ठिपके हॉवरवरच दाखवायचे हा हट्ट सोड. बोटाने वापरणाऱ्याला हॉवर नसतो. तुमच्या कार्यालयात अर्ज तपासणारे लोक टॅबलेट घेऊन बसतात असं तूच म्हणालीस. त्यांना ठिपका कायम दिसला पाहिजे आणि पकडताही आला पाहिजे. २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या निकषांमध्ये दाबायच्या जागेचं किमान माप २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय. ठिपका दिसायला लहानच राहू दे, पण आफ्टरच्या सूडो-एलिमेंटने त्याच्याभोवती पारदर्शक जागा वाढव. रेषा सोडताना मदत मिळतेच, वीस पिक्सेलच्या आत आली की ती जवळचा ठिपका धरते. उचलताना मात्र तूच जागा द्यायला हवी.

कुठली वायर कुठे चालणार नाही, हेही ठिपक्याशीच ठरतं. ‘मंजूर’मधून निघालेली रेषा पुन्हा त्याच नोडच्या तोंडाशी आली, तर ती पडद्यावरच नाकारली गेली पाहिजे. त्यासाठी इज-व्हॅलिड-कनेक्शन आहे. पण तीच तपासणी सर्व्हरवरही कर, कारण जतन केलेली आकृती फक्त तुझ्या पडद्यावरूनच येईल असं नाही.

तू ड्रॉ डॉट आयओचं उदाहरण दिलंस, तिथे ठिपक्यांना नावं नसतात तरी चालतं म्हणून. खरं आहे. तिथे रेषा नोडच्या कडेवरची जागाच अपूर्णांकात लिहून ठेवते, एक्झिट-एक्स १, एक्झिट-वाय ०.५, म्हणजे उजव्या कडेचा मध्य. ते चित्र आहे, माणसाने बघायचं. तुझ्या आकृतीवरून अर्ज चालणार आहेत. गोजेएस या दुसऱ्या लायब्ररीत ठिपक्याचं हे नाव पोर्ट-आयडी म्हणून येतं, जॉइंटजेएसमध्ये पोर्ट गटांत बांधता येतात. उद्या लायब्ररी बदललीस तरी तुझी नावं सोबत नेता येतील.

जुने लेख वाचून कोड उचलताना एवढं बघ: २०२४मध्ये रिॲक्ट फ्लोची बारावी आवृत्ती आली तेव्हा पॅकेजचं नावच बदललं, ते आता एक्सवायफ्लोच्या छत्राखाली आहे. त्याआधीच्या उदाहरणांतले इम्पोर्ट तसेच चालणार नाहीत.

येत्या शनिवारपर्यंत मला कोड पाठवू नकोस. साध्या कागदावर निर्णयाच्या नोडचे ठिपके लिहून त्याचा फोटो पाठव: आत येणारा कोण, बाहेर जाणारे कोण, प्रत्येकाचा आयडी कुठे जन्मतो आणि कुठे साठतो. रंग आणि आकार नंतर बघू.

आबांची फेरूलची पेटी माळ्यावर होती, ती मी काल खाली काढून पुसून ठेवलीय. खणाखणांत पिवळे आकडे अजून जसेच्या तसे आहेत, फक्त सातचा खण रिकामा आहे. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आत्या