आधी कागद, मग गाडी

शेताचा सातबारा आपण सर्वांनी पाहिला आहे. शेत कोण कसतो ही एक गोष्ट. सातबाऱ्यावर नाव कोणाचे ही दुसरी गोष्ट. दोन्ही जुळली म्हणजे माणूस रात्री निवांत झोपतो. गाडीचेही तसेच आहे. जीप असो, ट्रॅक्टर असो की फटफटी असो, प्रत्येक गाडीची सरकारदरबारी नोंद असते. ही नोंद आर. टी. ओ. कचेरीत होते. नोंदीचा जो दाखला मिळतो, त्याला लोक आर. सी. बुक म्हणतात. पूर्वी ते खरोखरच छोटे पुस्तक असे. आता कार्ड मिळते. पण नाव बुकच राहिले.

पुष्कळ गावांत गोठ्याच्या कडेला एखादी जुनी जीप उभी असते. टायर बसलेले, टपावर कोंबड्या. एखादा हौशी तरुण ती स्वस्तात घेतो. इंजिन खोलतो, पत्रा ठोकतो, रंग मारतो. उसाच्या बिलाचे पैसे त्यात घालतो. गाडी सुरू होते आणि मग कळते की कागदच नाहीत. अशी मंडळी आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"बाबा रे, बुकावर नाव कोणाचे?"

"गुरुजी, पैसे रोख मोजलेत. बाँडवर लिहून घेतलंय. दोन साक्षीदार हायेत."

"चांगले केलेस. पण तो तुम्हा दोघांतला करार झाला. आर. टी. ओ.च्या नोंदीत नाव बदलले का?"

येथे बहुतेक जण गप्प होतात.

नाव बदलले नाही तर काय होते? एक खरी हकिगत सांगतो. २००७ साली एका गृहस्थाने आपली मोटार विकली. पैसे घेतले, मोटार दिली, कागदही दिले. घेणाऱ्याने नाव बदलून घेतले नाही. पुढे ती मोटार या हातातून त्या हातात गेली. २००९ साली तिचा अपघात झाला आणि एक जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१८ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. न्यायालय म्हणाले, नोंदीत अजून पहिल्याच गृहस्थाचे नाव आहे, तेव्हा भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून दोन वर्षे झाली होती, तरीही!

तेव्हा विकणाऱ्याने असे समजू नये की गाडी गेली, काळजी मिटली. घेणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. त्याने पैसे ओतलेले असतात, पण नोंदीत तो कोणीच नसतो. पोलिसांनी अडवले तर उत्तर देता येत नाही. विम्याच्या वेळी अडचण येते. उद्या विकायची म्हटली तर रीतसर विकता येत नाही.

आता नाव कसे बदलायचे ते पाहू. हा सारा कारभार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालतो. नमुना २९ म्हणजे विकणाऱ्याने द्यायची खबर. गाडी त्याच राज्यात विकली असेल, तर ही खबर चौदा दिवसांत द्यायची असते. नमुना ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. उशीर झाला तर दंड पडतो, पण काम अडून बसत नाही. सोबत आर. सी. बुक, विमा, धुराचा दाखला आणि राहण्याचा पुरावा जोडावा. फी बदलत असते, म्हणून ती कचेरीतच विचारावी आणि पावती घ्यावी.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. कोऱ्या नमुन्यावर सही करू नका. घेणाऱ्याचे नाव आणि तारीख भरलेली पाहा, वाचा, मगच सही करा. आपण वाचायला शिकलो ते अशाच वेळी उपयोगी पडावे म्हणून.

सर्वच गाड्यांचे काम इतके सरळ नसते. म्हणून अडचणी एकेक करून पाहू.

बुक हरवले असेल तर आधी पोलीस ठाण्यात तशी नोंद करावी. मग नमुना २६ भरून दुसरी प्रत मागावी. पण हा अर्ज ज्याचे नाव नोंदीत आहे त्यानेच करायचा असतो. म्हणून तो मालक शोधून काढणे हेच पहिले काम.

मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत कचेरीला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ चा अर्ज करावा. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. वारस अनेक असतील तर इतरांची संमती लागते. बहिणींनाही विचारावे लागते, हे विसरू नये. जुनी गाडी वारसाकडून घ्यायची असेल, तर आधी वारसाचे नाव चढवून घ्या, मग व्यवहार करा.

बँकेचा बोजा असेल तर तो बुकावर लिहिलेला असतो. कर्ज कधीच फिटले असले तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवावा.

खासगी गाडीची नोंद पंधरा वर्षे चालते. मुदत संपली असेल तर गाडी तपासून घ्यावी लागते आणि मग पाच वर्षांसाठी नोंद वाढवून मिळते. राहिलेला कर आणि दंड भरावा लागतो. हा आकडा आधी काढा. कधी कधी तो गाडीच्या किमतीहून मोठा निघतो.

गाडी परराज्यातील असेल तर तिच्या मूळ कचेरीचा ना हरकत दाखला लागतो. त्यासाठी नमुना २८ असतो.

काही गाड्या फारच जुन्या असतात. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले. त्यांत नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये ठरली. अशी गाडी प्रदर्शनात किंवा जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेता येते, पण रोजच्या कामाला वापरता येत नाही. आणि ती पूर्वी आपल्या देशात नोंदलेली असेल, तर येथेही जुने आर. सी. बुक मागतात. म्हणजे कागदावाचून सुटका नाहीच.

शेवटची अडचण सर्वांत वाईट. प्रत्येक गाडीच्या चासीवर आणि इंजिनावर नंबर ठोकलेला असतो. तो बुकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. नंबर घासलेला असेल, खोडून नवा ठोकलेला असेल, तर त्या गाडीला हात लावू नका. ती चोरीची असू शकते. चोरीची गाडी मूळ मालकाकडे परत जाते आणि आपले पैसे बुडतात. वर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो तो वेगळाच.

म्हणून जुनी गाडी घ्यायची तर क्रम असा ठेवा. आधी रॉकेलच्या फडक्याने चासी पुसून नंबर वाचा. तो वहीत लिहा. बुकाशी ताडून पाहा. मग आर. टी. ओ. कचेरीत जाऊन मालक कोण, बोजा आहे का, कर किती थकला, हे विचारा. जुन्या गाड्यांची नोंद कधी कधी संगणकात चढलेली नसते. ती मूळ कचेरीच्या जुन्या रजिस्टरात शोधावी लागते. दोन खेपा जास्त पडतील, पण पडू द्या. सर्व जुळले तरच पैसे मोजा. नाव आपले झाले की मग खुशाल पाना हाती घ्या.

इंजिन बिघडले तर मिस्त्री दुरुस्त करील. नोंदीतला घोळ मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न

१. बाँडवर लिहून घेतले म्हणजे नोंदीत नाव बदलते का?
२. कोऱ्या नमुन्यावर सही का करू नये?
३. आर. सी. बुक हरवले तर दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज कोणी करायचा?
४. तुमच्या घरच्या गाडीचे आर. सी. बुक काढा. त्यावरील नाव, नंबर आणि मुदत मोठ्याने वाचा. नाव कोणाचे आहे?