काळ्या दिव्याखालचा पांढरा ओरिक्स



मुलांच्या समारंभात बाहुल्यांचा खेळ बसवायचा म्हटला की पडदे, देखावे, रोषणाई असा खर्चाचा पाढा सुरू होतो. काळ्या दिव्याच्या खेळाला यातले फारसे काही लागत नाही. एक दिवा, काळे कापड, जुनी पांढरी चादर आणि पूर्ण अंधार मिळाला की काम भागते. प्रागमध्ये यिर्शी स्रनेत्स यांनी १९६१ साली अशा खेळांची नाटकमंडळी उभी केली आणि हा प्रकार जगभर गेला. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. दोऱ्यांवर चालणारा एक प्राणी करायचा आहे, आणि तो मी ओमानच्या वाळवंटातून निवडला आहे. कारण पुढे येईलच.

आधी दिव्याविषयी. त्यातून निघणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काही पदार्थ मात्र ते शोषून घेतात व त्याच क्षणी दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. ह्याला प्रतिदीप्ती म्हणतात. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये क्विनिनच्या द्रावणात हा गुण तपासला. हिवतापावरचे तेच क्विनिन आज टॉनिक वॉटरच्या बाटलीत असते व ह्या दिव्याखाली निळे चमकते. कपड्यांत हा गुण येतो तो धुण्याच्या पावडरीतून. मुंबईत वाढलेल्या वाचकांना टिनोपाल आठवत असेल. नीळ आणि टिनोपाल एकच, असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. नीळ कापडाचा पिवळटपणा झाकते, पण स्वतः चमकत नाही. टिनोपाल चमकते.

म्हणून पांढरे दिसणारे सगळेच कामाचे नसते. कोरे मांजरपाट मंद दिसेल, तर शंभरदा धुतलेली चादर लख्ख उजळेल. उलट बाजूनेही हा नियम लक्षात ठेवावा. काळे कपडे त्याच पावडरीने धुतले तर त्यांच्यावर बसलेले तंतू चांदण्यांसारखे दिसू लागतात. काळे कापड न धुता वापरावे व चिकटपट्टीने तंतू टिपून घ्यावेत. मस्कतमध्ये कोणी नातेवाईक असतील तर मत्राच्या बाजारात काळ्या कापडाला तोटा नाही. पण चकाकणारे नको, निस्तेज हवे. सर्वांत चांगली सुती मखमल.

आता प्राणी. अरबी ओरिक्स हा पांढरा वाळवंटी कुरंग, खांद्यापाशी सुमारे एक मीटर उंच, सरळ लांब शिंगांचा. अरबीत त्याला महा म्हणतात. आजच्या हिब्रूत रेएम हे नाव ह्याच जातीला दिलेले आहे. शास्त्रातला रेएम नेमका कोणता, यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही. ओमानच्या जिद्दत अल-हरासीस या पठारावर १९७२ मध्ये शेवटचे रानटी ओरिक्स शिकाऱ्यांनी मारले. त्याआधी १९६२ मध्ये काही जनावरे पकडून अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात वाढवायला दिली होती, म्हणून जात उरली. तिथल्या कळपाच्या वंशातील दहा ओरिक्स जानेवारी १९८२ मध्ये त्याच पठारावर, यालूनी येथे मोकळे सोडण्यात आले, आणि त्यांच्यामागे राखण करीत फिरायला हरासीस टोळीचीच माणसे नेमली.

पांढरा रंग दिव्याला सोयीचा, हे एक कारण. दुसरे कारण खेळाचे आहे. बाहुलीची एक बाजू पांढरी व दुसरी काळी ठेवली, तर हातातली पट्टी फिरवताच अख्खे जनावर नाहीसे होते. १९७२ असे दाखवायचे, आणि पुन्हा फिरवून १९८२. दहा मुले असतील तर दहा ओरिक्स!

बाहुली चपटी करावी. ह्या उजेडात गोलाई फारशी कळतच नाही, मग कापूस भरण्याचा खटाटोप कशाला? चपट्या बाहुल्यांची लाज वाटण्याचेही कारण नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत दोरीवरच्या कळसूत्री बाहुल्यांबरोबर चामड्याच्या चपट्या बाहुल्याही नाचवतात, आणि तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

खोक्याचा पुठ्ठा दुहेरी चिकटवून मान व डोक्यासह धड कापावे. नाकापासून शेपटीपर्यंत ४५ सेंटिमीटर. एका अंगाला चादरीचा तुकडा, दुसऱ्या अंगाला काळे कापड चिकटवावे. कडांवरून पुठ्ठा दिसू देऊ नये, तिथे काळा रंग. पाय वेगळे कापावेत. पुढचे पाय गुडघ्याशी दोन तुकड्यांचे, मागचे अखंड. भोके पाडून जाड काळ्या दोऱ्याने धडाला सैल बांधावेत, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. इथे मुलांचा गोंधळ होतो तो असा: चारही पाय एकाच दिशेला पांढरे हवेत, नाही तर पट्टी फिरवल्यावर दोन पाय हवेत नाचत राहतात. खुरांशी व पोटाच्या कडेला लोखंडी वायसर बांधून काळे रंगवावेत. पुठ्ठा हलका असतो. वजन नसेल तर दोऱ्या ढिल्या पडून जनावर तरंगते.

खऱ्या ओरिक्सचे पाय गडद तपकिरी व खुरांवर पांढरे पट्टे असलेले, शिंगेही काळपट. तसेच केले तर काळ्या दिव्यात पाय नसलेले धड आणि शिंगांविना डोके दिसेल. म्हणून पाय पांढरेच ठेवावेत आणि शिंगे चमकणाऱ्या केशरी कागदाची, २० ते २२ सेंटिमीटर लांब करावीत. प्राणिशास्त्राचे शिक्षक नाक मुरडतील, मुरडोत. कुरंग एका बाजूने पाहिला की दोन शिंगे एकच वाटतात, तेव्हा एक शिंग केले तरी चालते.

दोऱ्या काळ्या सुताच्या घ्याव्यात; मासेमारीची नायलॉनची तार काही वेळा स्वतःच चमकते. २५ सेंटिमीटरच्या लाकडी पट्टीच्या एका टोकाला डोक्याची दोरी, मध्यावर खांद्याची, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची. दुसरी आखूड पट्टी सुटी ठेवून तिच्या दोन टोकांच्या दोऱ्या पुढच्या गुडघ्यांना बांधाव्यात. ती डावी-उजवी कलवली की पाय उचलले जातात व मागचे आपोआप ओढत येतात. काळे कापड घातलेले टेबल हीच जमीन. चालवणारा मागे उभा असतो, उंच मचाणाची गरज नाही. पाठीची दोरी ४५ सेंटिमीटर पुरते. त्याने डोक्यापासून हातमोज्यांपर्यंत काळे घालावे आणि चेहऱ्यावर काळी जाळी घ्यावी. दातसुद्धा थोडे चमकतात, म्हणून गोष्ट सांगणारे मूल पडद्याबाहेर बसवावे.

दिवा घेताना जपावे. ३६५ नॅनोमीटर लिहिलेला चांगला. ३९५ चा स्वस्त असतो, पण त्याचा जांभळा उजेड दिसतो व काळा पडदा उघडा पडतो. २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा मात्र मुलांच्या आसपासही नको. २०२० च्या साथीत असे दिवे पुष्कळ विकले गेले. त्याने डोळे व कातडी भाजतात. आपला दिवाही टेबलापुढे जमिनीवर ठेवून त्याचे तोंड बाहुल्यांकडे करावे, आणि प्रेक्षकांच्या बाजूला पुठ्ठ्याची आड करावी. (ओमानच्या वाळवंटात रात्री हाच दिवा फिरवला तर विंचू हिरवट उजळून दिसतात, मुलांना हे सांगून पाहा, अर्धा तास प्रश्न संपणार नाहीत.)

गोष्ट १९८२ वर थांबवावी की पुढे न्यावी, हे मोठ्या मुलांवर सोडावे. ओमानमधील ओरिक्सचे अभयारण्य १९९४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. पुढे चोरट्या शिकारीने कळप घटला, सरकारने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केले आणि २००७ मध्ये ते यादीतून काढले गेले. यादीतून गेलेले ते पहिलेच ठिकाण. तरी अनेक देशांत जोपासलेल्या कळपांमुळे २०११ मध्ये ह्या जातीचा धोका एक पायरी कमी मानला गेला. तेव्हा शेवटच्या प्रवेशात काही बाहुल्या काळ्या बाजूने व काही पांढऱ्या बाजूने उभ्या कराव्या लागतील, आणि किती कुठल्या, यावर मुले भांडतील. भांडू द्यावे.

तालीम प्रथम उजेडात, मग अंधारात. खेळ झाल्यावर प्रत्येक बाहुलीच्या दोऱ्या तिच्या पट्टीभोवती गुंडाळून ठेवाव्यात. दहा बाहुल्या एका पिशवीत कोंबल्या तर पुढच्या वर्षी गुंता सोडवण्यातच सुट्टी जाईल.