‘दुष्ट’ कोणाला म्हणायचं?

सहावी-सातवीच्या मुलांच्या इंग्रजीच्या वहीत समानार्थी शब्दांची यादी असते. क्रुएल, विकेड, ब्रूटल, सॅव्हेज, बार्बेरियन, व्हिलन. पुढे मराठीत ‘क्रूर’ किंवा ‘दुष्ट’ लिहायचं आणि पाठ करायचं. संध्याकाळी तुम्ही ते म्हणवून घेत असाल. माझी एक विनंती आहे: यातल्या दोन-तीन शब्दांपाशी मुलांसोबत जरा थांबा.

व्हिलन घ्या. मध्ययुगीन युरोपात जमीनदाराच्या शेतावर राबणारा खेडूत म्हणजे व्हिलन. लॅटिनमधल्या ‘व्हिला’वरून, म्हणजे शेतवाडीवरून, आलेला शब्द. उमरावांच्या लेखी ही माणसं गावंढळ आणि हलकी. तो तिरस्कार शब्दाला चिकटला, आणि राबणाऱ्या माणसाचं नाव खलनायकाला मिळालं. सॅव्हेज म्हणजे मुळात रानातला. बार्बेरियन म्हणजे ज्याची भाषा ग्रीकांना कळत नसे तो. या माणसांनी कोणाचं काय वाईट केलं होतं?

‘ठग’ तर आपल्याकडूनच इंग्रजीत गेला. १८३०च्या दशकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांच्या टोळ्यांविरुद्ध मोहीम काढली आणि हा शब्द तिकडे रुळला. वाटसरूंचे गळे आवळले जात होते, ती क्रूरता खरीच होती. पण गुन्हेगारी वंशपरंपरेनं येते ही समजूत सरकारदरबारी मुरत गेली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पोर जन्माला आलं की त्याच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, तारांच्या कुंपणाआड माणसांच्या हजेऱ्या घेतल्या जात. ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा गेला, म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’. तरीही आज वर्गात कंपास हरवला की पारध्याच्या पोराचं दप्तर आधी तपासलं जातं, याचा मला फार संताप येतो.

मुलांना हे सांगा. सहावीतल्या मुलाला ते नीट कळतं.

आणि तुमची लेक चिडून घरी आली, ‘ती मुलगी विकेड आहे’ म्हणाली, तर विचारा, तिनं केलं काय? डबा लपवला? सगळ्यांसमोर रंगावरून चिडवलं? मग ते करणं क्रूर आहे, असं स्पष्ट म्हणा. ‘जाऊ दे, मस्करी असेल’ म्हणून पांघरूण घालू नका. आपल्याशी कोणी क्रूरपणे वागलं तर ते ठामपणे सांगता यावं, यासाठीच तर हे शब्द शिकायचे. मात्र पाठोपाठ ‘ती लोकं तसलीच असतात’ असं आलं, तर तिथेच अडवा. ते वाक्य शाळेतून आलंय की आपल्याच जेवताना चालणाऱ्या गप्पांतून, हेही त्याच वेळी पाहून घ्या.