संगणकाची नोंदवही साफ करावी काय?



संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. ऊसबिलाचा हिशेब, सोसायटीचे कर्जखाते, डेअरीचे दहा दिवसांचे बिल, मुलांचे प्रवेशाचे अर्ज, सगळे त्यावरच चालते. यंत्र म्हटले की ते कधीतरी मंदावणारच. मंदावले की कुणीतरी हमखास सांगतो, "रजिस्ट्री साफ करून घ्या, पळायला लागेल." अशी सफाई करणारे प्रोग्राम फुकटही मिळतात आणि विकतही मिळतात. त्यांत लाभ किती व धोका किती, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे. लेखक संगणकाचा पंडित नाही. एकदा हात पोळलेला साधा सभासद आहे.

रजिस्ट्री म्हटल्यावर आपल्याला खरेदीखताची कचेरी आठवते. ती ही नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या प्रणालीत एक मोठी नोंदवही असते. कोणता प्रोग्राम बसवला आहे, त्याची फाईल कुठे आहे, प्रिंटर कोणता, मराठी टंकलेखनासाठी कोणता कळफलक, या सर्वांच्या नोंदी तीत असतात. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती लहान स्वरूपात आली आणि १९९५ च्या विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यावर गेला. त्यापूर्वी बहुतेक प्रोग्राम आपापली माहिती सुट्या फायलींत ठेवीत.

आता प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरे आहे. आपल्या कारखान्याच्या सभासद रजिस्टरात मयत सभासदाचे नाव वारसनोंद होईपर्यंत तसेच राहते, तसाच हा प्रकार. सफाईवाला प्रोग्राम अशा नोंदी हुडकतो आणि "एवढे दोष सापडले" म्हणून लाल अक्षरांत आकडा दाखवतो. आकडा मोठा असला की माणूस घाबरतो.

पण विचार करा. रजिस्टरात शंभर मयत नावे आहेत म्हणून कारखान्याचे दिवसाचे गाळप कमी होते काय? गाळप ठरते ते गव्हाणीत पडणाऱ्या उसावर, मिलवर आणि बॉयलरच्या वाफेवर. संगणकाचेही तसेच आहे. विंडोज ही वही पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. चिटबॉय जसा गाव, खाते नंबर, प्लॉट असा थेट उसाच्या नोंदीवर जातो, तशी ती फांदीफांदीने हव्या त्या नोंदीवर पोचते. लाखो नोंदींतल्या हजारभर नोंदी फालतू निघाल्या तरी वेगात डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. फार जुन्या विंडोजमध्ये या वहीच्या आकाराला मर्यादा होती, तेव्हा सफाईला थोडाफार अर्थ होता. स्वतः मायक्रोसॉफ्टनेच त्या काळी 'रेगक्लीन' नावाचा प्रोग्राम दिला होता. पुढे तो बंद केला. आज त्याच कंपनीचे धोरण असे आहे की सफाईच्या प्रोग्रामांना तिचा पाठिंबा नाही, आणि त्यांच्या वापराने बिघाड झाला तर तो दुरुस्त होईलच अशी हमी ती देत नाही. कधी कधी सगळी विंडोज नव्याने बसवावी लागते.

आता माझी हकीगत. आमच्या उपसा जलसिंचन संस्थेचा हिशेब मी पाहतो. मार्चअखेर जवळ आली, पाणीपट्टीच्या पावत्या काढायच्या, आणि संगणक गोगलगाईसारखा चाललेला. पडद्यावर जाहिरात आली, "मोफत तपासणी". केली. बाराशेच्या वर दोष निघाले! तपासणी मोफत, पण दुरुस्तीला पैसे. ते भरले, बटण दाबले, दोष शून्य झाले. मनाला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी हिशेबाचा प्रोग्राम उघडेना, डिजिटल सहीचा टोकन ओळखेना आणि पावतीवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन उमटू लागले. सफाईवाल्याने जुन्या प्रोग्रामच्या जिवंत नोंदी मेलेल्या समजून उपटल्या होत्या. खुरपताना तणाबरोबर उसाचा कोंबही जावा, तसे झाले.

माझा भाचा खाली कोकणात, खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात उपकरण विभागात आहे. त्याला फोन केला. म्हणाला, "मामा, आता कशालाही हात लावू नका. रविवारी येतो." कुंभार्ली घाट चढून तो आला. आधी त्याने विचारले, "काम करायच्या आधी नक्कल ठेवली होती का?" मी गप्प. मग तो सांगू लागला, "आमच्याकडं टाकी धुवायची झाली तरी आधी परवाना लिहावा लागतो. कोणता व्हॉल्व्ह बंद केला, कुणी केला, सगळं कागदावर. आणि प्लँट चालवणाऱ्या संगणकाला तर साधा पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. तुम्ही एका बटणावर बाराशे नोंदी काढल्यात, अन् त्या कोणत्या ते बघितलंही नाही!"

सुदैवाने संगणकात आठवड्यापूर्वीचा 'रिस्टोअर पॉइंट' निघाला. त्यावर मागे नेल्यावर तासाभरात सगळे पूर्ववत झाले. हिशेबाचे आकडे मात्र मुळात गेलेच नव्हते. हे सभासदांनी नीट ध्यानात घ्यावे : आपली माहिती वेगळ्या फायलीत असते, रजिस्ट्रीत असते ती प्रोग्रामची नोंद. त्यामुळे असा प्रसंग आला तर घाबरून सगळे पुसून टाकू नये.

मग संगणक मंद का होता? भाच्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून यादी दाखवली. संगणक सुरू होताच चौदा प्रोग्राम आपोआप जागे होत होते. त्यांतले नको ते बंद केले. डिस्क काठोकाठ भरली होती, ती विंडोजच्याच 'डिस्क क्लीनअप'ने रिकामी केली. पुढे फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. खरा फरक त्याने पडला.

सफाईवाल्यांचा काहीच उपयोग नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एखादा प्रोग्राम अर्धवट निघाला आणि जुनी नोंद आडवी येऊन तो पुन्हा बसेना, किंवा सुरू होताना "फाईल सापडत नाही" अशी तक्रार रोज येऊ लागली, तर ती नोंद काढल्याने काम होते. पण ती एकच नोंद काढायची, जाणकाराकडून. त्याआधी रिस्टोअर पॉइंट करावा. पुष्कळ संगणकांत ही सोय बंद असते, ती चालू आहे का हे आजच पाहून घ्यावे. जोडीला 'रेजएडिट' उघडून फाईलच्या यादीतील 'एक्सपोर्ट' वापरून वहीची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. पूर्वी विंडोज अशी एक नक्कल आपोआप ठेवीत असे; विंडोज १० च्या २०१८ च्या आवृत्तीपासून ते बंद झाले.

आणि हे प्रोग्राम येतात कोठून, तेही पाहावे. 'सीक्लीनर' हा या धंद्यातला नावाजलेला प्रोग्राम. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत चोरट्यांनी मुळातच घातक भाग मिसळला आणि सप्टेंबरात ते उघडकीस येईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर तो बसला होता. तेव्हा दोष वापरणाऱ्याचा नव्हता, त्याने अधिकृत प्रतच घेतली होती. अमेरिकेत 'ऑफिस डेपो' या दुकानांत संगणकाची मोफत तपासणी होई. सुरुवातीला गिऱ्हाईकाला चार प्रश्न विचारत. संगणक मंद चालतो काय, हा त्यांपैकी एक. एकाला जरी "होय" म्हटले की यंत्रात काही असो वा नसो, धोक्याची खूण निघे आणि दुरुस्ती विकली जाई, असा सरकारी व्यापार आयोगाचा आरोप होता. २०१९ मध्ये त्या कंपनीने अडीच कोटी डॉलर आणि प्रोग्राम पुरवणारीने एक कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

आमचे भरलेले पैसे परत आले नाहीत. वर त्या प्रोग्रामच्या करारात दर वर्षी आपोआप नूतनीकरणाची अट निघाली, ती भाच्यानेच वाचून काढली. ज्यांनी असा प्रोग्राम विकत घेतला असेल त्यांनी बँकेच्या कार्डावरची ती परवानगी आधी रद्द करावी, आणि मगच प्रोग्राम संगणकातून काढावा.