कापसाच्या हंगामाआधी ट्रॉलीचे बेअरिंग: काय करावे, काय टाळावे

दिवाळीच्या आगेमागे मारेगाव तालुक्यात वेचणीला जोर येतो आणि पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॉल्या कापूस घेऊन वणीच्या जिनिंगकडे निघतात. भरणी करण्याआधी एक दुपार चाकांसाठी काढा. बेअरिंग सहसा एकाएकी दगा देत नाही. आधी तापते, मग घरघरते, मग चाक अडकते.

काय करावे

- रिकाम्या ट्रॉलीच्या बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. जॅकने उचलल्यावर एक्सलखाली भक्कम टेकू द्यावा.
- चाक हाताने फिरवून आवाज ऐकावा. मग वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर बेअरिंग सैल आहे.
- हब उघडून बेअरिंग डिझेलने धुवावे, पूर्ण सुकू द्यावे. रोलरवर किंवा वाटीत खड्डे, निळसर डाग दिसले तर वाटीसकट जोडी बदलावी.
- तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहावी. दुसऱ्या बाजूने ग्रीस वर आले की रोलरच्या फटी भरल्या.
- चाक फिरवत नट आवळावा. चाक जड झाले की नट किंचित सैल करावा आणि नवी कॉटर पिन घालावी. चाक मोकळे फिरावे, पण डुलू नये.
- वाटेत थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहावा. एकच हब जास्त तापला असेल तर तो आधी उघडावा.

काय टाळावे

- जुन्या काळ्या ग्रीसवर नवे थापू नये. वेगळ्या जातीचे ग्रीस मिसळू नये. काही मिश्रणे पातळ होऊन गळतात.
- हबची पोकळी गच्च भरू नये. तापलेले ग्रीस फुगून सील फोडते.
- काढलेले ऑइल सील परत बसवू नये.
- धुतलेले बेअरिंग हवेच्या पाइपने गरगर फिरवू नये.
- तापलेली चाके लगेच नाल्यात घालू नयेत. हबमधली हवा गार होऊन आकसते आणि सीलमधून गढूळ पाणी आत ओढते. चाक बुडालेच तर पुढच्या फेरीआधी हब उघडावा.
- घरघर ऐकूनही "वणीपर्यंत जाऊ दे" म्हणू नये. बेअरिंग बदलता येते. पण चाक निखळले तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला सावरायला वेळ मिळत नाही.